शिक्क्यावर विसंबलेल्यांनी जावे कोठे?

अग्रलेखाची नेहमीची जागा सोडून पहिल्या पानावर येण्याचे प्रसंग आम्ही फार थोडे येऊ देतो. आज तसे करीत आहोत ते कोणा मंत्रिमंडळाच्या पडण्यामुळे नव्हे किंवा कोणा थोर पुरुषाच्या निधनामुळेही नव्हे. निमित्त अगदी घरगुती आहे. गेल्या आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी कचेरीत आला. वर्तमानपत्रात येण्यापूर्वी आम्ही शाळेत मराठी आणि अडीनडीला गणितही शिकवीत असू. त्या काळी हा मुलगा दुसऱ्या बाकावर बसे आणि वही नीटनेटकी ठेवी. आता त्याने चाळिशी ओलांडली आहे. मुंबईतल्या एका खाजगी पेढीत तो हिशेबनीस आहे आणि डोंबिवली पूर्वेस एका अडीच खोल्यांच्या घराचा मालक आहे. निदान परवापरवापर्यंत तो स्वतःला तसे समजत होता. बगलेतली फाईल त्याने आमच्या मेजावर उघडली. नोंदणीकृत करारनामा, मुद्रांक शुल्काची पावती, बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र, महारेराचा नोंदणी क्रमांक, वीजबिल, सारे तारीखवार लावलेले. वही नीट ठेवण्याची सवय गेली नव्हती. मग तो म्हणाला, “सर, ह्यातला कोणता कागद तपासावयास मी चुकलो, तेवढे सांगा.”

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याचे घर ज्या इमारतीत आहे ती पालिकेच्या परवानगीवाचून उभी राहिलेली आहे असे आता ठरत आहे.

हे एकट्या त्याचे गाऱ्हाणे असते तर वाचकांच्या पत्रव्यवहारात ते छापून आम्ही मोकळे झालो असतो. परंतु कल्याण–डोंबिवलीतील पासष्ट इमारतींचे प्रकरण आता सर्वश्रुत आहे. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार करावयाच्या, त्या महारेरापुढे ठेवून नोंदणी क्रमांक मिळवावयाचा, आणि त्या क्रमांकाच्या जोरावर घरे विकावयाची, असा हा व्यवहार होता. २०२२ साली पोलिसांत गुन्हे नोंदले गेले, विशेष तपास पथक नेमले गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ह्या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. त्यानंतर मोर्चे निघाले, अर्ज झाले, रहिवाशांना धीर देणारी आश्वासनेही राज्यकर्त्यांनी दिली. आश्वासनाने छप्पर टिकत नाही आणि हप्ताही थांबत नाही, हे त्या घरांतली माणसे आम्हांपेक्षा अधिक जाणतात.

न्यायालयास आम्ही दोष देत नाही. कायद्याचे राज्य म्हणावयाचे आणि पाडण्याजोगी इमारत उभी ठेवावयाची, हे एकत्र नांदू शकत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. डोंबिवलीसारख्या गावात घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय माणसास खरे आणि खोटे ओळखण्याचे साधन सरकारने दिले आहे काय? आणि दिले नसेल तर ओळखण्यात झालेल्या चुकीचा सारा दंड त्याच्याच माथी का?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर डोंबिवली ही काय चीज आहे ते थोडे मागे जाऊन पाहावे लागते. मुंबईकरांना हे गाव गर्दीच्या विनोदांतून माहीत आहे. त्याचा खरा इतिहास मात्र विनोदाचा नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. कल्याण हे पुरातन बंदर. त्याला गाडी मिळावी हे साहजिकच होते. मधल्या डोंबिवलीस मात्र स्थानक मिळावयास १८८० नंतरचे दशक उजाडले. तोवर हे आगरी–कोळी वस्तीचे, भातखाचरांचे आणि खाडीकाठचे गाव होते. आयरे, पाथर्ली, नांदिवली, गोळवली, भोपर ही नावे आज रिक्षावाल्यांच्या तोंडी थांबे म्हणून उरली आहेत. तेव्हा ती नांदती गावे होती. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि ठाण्याहून पुढची वाट जवळची झाली. त्यानंतरच्या दशकात विजेच्या गाड्या आल्या. ह्या विद्युतीकरणासाठी रेल्वेने ठाकुर्लीस, चोळे गावाच्या हद्दीत, स्वतःचे वीजघर उभारले होते. ते बंद पडूनही आता काही दशके लोटली, पण जुन्या ठाकुर्लीकरांना त्याची आठवण आहे.

गावाचे शहर झाले ते मात्र स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचे कारण डोंबिवलीत शोधून सापडावयाचे नाही. ते गिरगावात, दादरला आणि परळला आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडून टाकली. युद्धकाळात आणि फाळणीच्या धामधुमीत घरमालकांच्या नफेखोरीला वेसण घालणे अवश्य होते ह्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा बंदोबस्त वाढवीत वाढवीत पन्नासांहून अधिक वर्षे चालविला गेला. नवा भाडे कायदा अंमलात यावयास २००० सालचा मार्च उजाडावा लागला. परिणाम व्हावयाचा तो झाला. भाड्यासाठी चाळ बांधावी असे कोणाही शहाण्या मनुष्यास वाटेनासे झाले. जी चाळ होती तिची डागडुजी थांबली. आणि खोली हवी असेल तर पागडी मोजल्यावाचून दार उघडेनासे झाले. ज्याच्यापाशी पागडी नव्हती, तो लग्न ठरले की गाडीत बसून पुढचे स्थानक पाहू लागला. प्रथम मुलुंड, मग ठाणे आणि मग डोंबिवली. (पुढे बदलापूर आणि टिटवाळा. पण तो आजचा विषय नव्हे.)

अशा रीतीने कारकून, शिक्षक, टपाल खात्यातले व रेल्वेतले नोकर, बँकांतले लोक ह्यांनी हे गाव वसविले. टिळकनगर, रामनगर, पेंडसेनगर ही नावे पाहिली तरी कोणत्या मनोवृत्तीच्या लोकांनी ती दिली हे कळते. दोन–तीन मजल्यांच्या बसक्या इमारती, पुढे अंगण, कोपऱ्यात तगर किंवा जास्वंद, आणि प्रत्येक घरात पुस्तकांचे एक कपाट. नळाला पाणी नसे, विहीर असे. पावसाळ्यात स्थानकापासून घरापर्यंत वहाणा हातात घेऊन जावे लागे. तरीही ह्याच गावात पु. भा. भावे राहिले, शं. ना. नवरे राहिले. ह्याच माणसांनी १९७० मध्ये स्वतःची नागरी सहकारी बँक काढली आणि चालवून दाखविली. १९९९ पासून गुढीपाडव्याची जी शोभायात्रा महाराष्ट्रभर अनुकरणीय ठरली तिचा उगम येथल्या गणेश मंदिराच्या अंगणातला. फेब्रुवारी २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईची जी दाटी होते ती पाहिलेल्या माणसास हे निव्वळ झोपावयास येणाऱ्यांचे गाव आहे असे म्हणवणार नाही. आपणांस मुंबईने जागा दिली नाही ह्याची खंत उगाळीत न बसता लोकांनी येथे एक नवे गिरगाव उभारले. आम्हांस ह्या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही.

परंतु समाजाने आपले काम चोख केले, तेव्हा शासनयंत्रणा काय करीत होती?

१९६४ च्या सुमारास येथे औद्योगिक वसाहत आली. कारखान्यांमागून त्यांत काम करणाऱ्यांची घरे आली, आणि कारखाने व घरे ह्यांमध्ये जे अंतर राहावयास हवे होते ते कोणी राखले नाही. मे २०१६ मधील प्रोबेस कंपनीतील स्फोट आणि मे २०२४ मधील अमुदान कंपनीतील स्फोट ह्या दोन्ही वेळी दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या, तेव्हा नकाशावरील ती चूक लोकांच्या अंगावर आली. १९७६ च्या कमाल नागरी जमीनधारणा कायद्याने मोकळी जमीन सरकारजमा होऊन गरिबास घर मिळेल असा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात कायदेशीर मार्गाने बाजारात येणारी जमीन आटली आणि आडमार्गाने येणारी वाढली. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला, पण तोवर एक सबंध पिढी आडमार्गाला सरावली होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये महापालिका स्थापन झाली तेव्हा आसपासची सत्तावीस गावे तिच्यात घातली गेली. २००२ मध्ये ती वगळली, २०१५ मध्ये पुन्हा घातली. २०२० मध्ये त्यांतली अठरा पुन्हा बाहेर काढावयाचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने रद्द केला. गाव म्हणजे काही लंगडीच्या खेळातला गडी नव्हे, की त्यास हवे तेव्हा आत घ्यावे आणि हवे तेव्हा बाद करावे! ज्या काळात परवानगी कोणी द्यावयाची हेच धड कोणाला ठाऊक नव्हते त्या काळात ह्याच गावांच्या शिवारात मजल्यांवर मजले चढत गेले.

ह्याचे माप घेतले गेले नाही असेही नाही. उच्च न्यायालयापुढे झालेल्या जनहित याचिकेनंतर २००७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अग्यार ह्यांची समिती नेमली गेली. तिने महापालिकेच्या हद्दीत ६७ हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे मोजली. सदुसष्ट हजार! इतकी बांधकामे रात्रीतून चोरून होत नसतात. त्यांस वाळू लागते, सिमेंट लागते, पाण्याची व विजेची जोडणी लागते. दिवसाढवळ्या मालमोटारी रस्त्यांवरून जातात, आणि त्याच रस्त्यांवरून पालिकेचे अधिकारीही जातात. बेकायदा इमारतीचा शेवट काय होऊ शकतो हे ४ एप्रिल २०१३ रोजी येथून जवळच शिळफाट्यापाशी दिसले. सात मजल्यांची बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीस जुनी इमारत पडून नऊ जण दगावले. अशा प्रत्येक वेळी चौकशी झाली आणि निलंबनेही झाली. पण बांधकामे थांबली नाहीत.

आता बाजाराविषयी थोडे. २०११ च्या जनगणनेत कल्याण–डोंबिवलीची वस्ती सुमारे साडेबारा लाख भरली. त्यानंतर गणना झालेली नाही, पण स्थानकाच्या पुलावर उभे राहणाऱ्यास आकड्यांची गरज नाही. कल्याण–शीळ रस्त्याच्या बाजूला पलावासारखी नगरेच्या नगरे उठली आहेत, आणि स्थानकालगतच्या जुन्या तीन मजली इमारती पाडून तेथे मनोरे उठत आहेत. जाहिराती पाहाव्यात तर प्रत्येक घर स्थानकापासून पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटे पायी, रिक्षाने की विमानाने, हे जाहिरातदार सांगत नाही. आम्ही एकदा हौसेने घड्याळ लावून चालून पाहिले. सव्वीस मिनिटे लागली, आणि आमची चाल काही वाईट नाही.

पण खरे मोजावयाचे अंतर पुढे आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली ४८ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत जाऊन येऊन अडीच तास हा सौम्य अंदाज झाला. वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरा आणि नोकरी तीस वर्षांची धरा. काळ–काम–वेगाच्या जुन्या सवयीने आम्ही गणित मांडले, तेव्हा साडेबावीस हजार तास, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर अडीच वर्षांहून अधिक आयुष्य गाडीत उभ्याने जाते असे उत्तर आले. ठाणे–दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका सुरू व्हावयास फेब्रुवारी २०२२ उजाडला. तोवर घरे मार्गिकांच्या कितीतरी पुढे गेली होती. मुंबईच्या लोकलमार्गांवर २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. रूळ ओलांडणारे त्यांत होते तसे दारातून पडलेलेही होते. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्यापाशी दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले, काही गेले. ती माणसे कोठल्या तरी घराचे हप्ते फेडण्यासाठीच त्या दारात उभी होती, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणजे डोंबिवलीचे घर स्वस्त आहे हे खरे नव्हे. मुंबईतल्या घराची उरलेली किंमत माणूस येथे रोज तासांनी भरतो. स्वस्ताईचा हा आभासच बनावट इमारतीचे खाद्य असतो. अधिकृत घर तीस–चाळीस लाखांस पडते आणि शेजारीच तसेच घर पुष्कळ कमी किमतीस मिळते असे दिसले, तर सावध माणसाने थबकावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. आम्हीही त्या विद्यार्थ्यास तेच विचारले. तो म्हणाला, “थबकलो होतो, सर. म्हणून तर क्रमांक पाहिला. सरकारच्या संकेतस्थळावर होता. मग बँकेने पाहिला. बँकेचा वकील होता, त्याची फी मी भरली.”

ह्या उत्तरापुढे उपदेश चालत नाही. आणि तरीही खरे तेवढे सांगितलेच पाहिजे. त्या फायलीत एक कागद नव्हता, आणि तो म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत पूर्ण होऊन ती राहण्यास योग्य आहे असा पालिकेचा हा दाखला मिळाल्यावाचून राहावयास जाणे कायद्यास धरून नाही. आमचा विद्यार्थी तो नसतानाच राहावयास गेला. का गेला? एकीकडे कर्जाचा हप्ता सुरू झाला होता आणि दुसरीकडे भाडे चालू होते. दोन्ही भरून महिनाअखेर भागत नव्हती. दाखला दोन महिन्यांत येईल असे विकणाऱ्याने सांगितले. शेजारच्या दहा इमारतींतही तो नव्हता आणि तेथे लोक वीस–वीस वर्षे राहत होते. त्याने चूक केली. परंतु जी चूक गावातल्या निम्म्या लोकांनी केली असेल, आणि जी होत असताना पालिकेने पाणी व कंपनीने वीज दिली, ती एका माणसाची चूक उरत नाही.

ह्यावर दोन तऱ्हेचे उपाय सुचविले जातात, आणि ते दोन्ही आम्हांस मान्य नाहीत. पहिला पक्ष म्हणतो, नियम तो नियम. पाडा, आणि फसलेल्यांनी फसविणाऱ्यांवर दावे लावावेत. ऐकावयास हे करारी वाटते. पण दावे लावावयाचे कोणावर? ज्याच्या नावाने पेढी होती ती विरून गेली आहे, जमिनीचा मूळ मालक हात झटकतो, आणि दिवाणी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कर्ज फेडून झालेले असेल. चोर सोडून संन्याशास सुळी म्हणतात ते ह्यालाच. दुसरा पक्ष निवडणुकीच्या हंगामात जागा होतो आणि म्हणतो, सर्व नियमित करा, दंड घ्या आणि विषय मिटवा. हा पक्ष लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. राखीव भूखंडावर, शाळेच्या आणि बागेच्या जागेवर उभी राहिलेली इमारत दंड भरून पवित्र होत असेल, तर उद्याची बनावट इमारत आजच पाया खणू लागेल, आणि ज्याने प्रामाणिकपणे चढी किंमत देऊन अधिकृत घर घेतले तो मूर्ख ठरेल. शिवाय तिचे खांब किती भार पेलतील हे दंडाच्या पावतीवर लिहिलेले नसते.

आमचे म्हणणे असे की प्रत्येक इमारत वेगळी पाहावी. जी राखीव जागेवर नाही, नियमांच्या मर्यादेत बसविता येते आणि अभियंत्यांच्या परीक्षेत टिकते, तिला कायद्यात वाट असेल तर ती दाखवावी. परंतु दंड रहिवाशांकडून नव्हे, जमीनमालक, बांधणारे आणि खोट्या कागदांत हात असलेले ह्यांच्या मालमत्तेतून वसूल करावा. जी टिकत नाही ती पाडावीच लागेल. पण पाडण्यापूर्वी त्या कुटुंबांस डोक्यावर छप्पर द्यावे, आणि कर्ज देताना जिने कागद तपासले म्हणून फी घेतली त्या बँकेनेही आपल्या तपासणीची जबाबदारी उचलावी. घर नाहीसे झाल्यावरही त्या घराचे व्याज घेत राहणे हे कायद्यात बसत असेल. न्यायात बसत नाही.

पुढच्या खरेदीदारासाठी काय? रेरा कायदा २०१६ चा. १ मे २०१७ पासून महारेराचे काम पूर्णपणे सुरू झाले. ह्या कायद्याने पुष्कळ चांगले केले. क्षेत्रफळाची लपाछपी बरीच थांबली आणि प्रकल्पांची माहिती घरबसल्या दिसू लागली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मात्र समोर ठेवलेला परवाना पालिकेने खरोखर दिला आहे काय हे पालिकेलाच विचारण्याची पद्धत ह्या प्रकरणानंतर अंगीकारावी लागली. शाळेत रजेचा अर्ज आला तरी सही वडिलांची आहे की नाही हे आम्ही पाहत असू! आता ती पद्धत आली आहे तर ती कागदावर राहू नये. आणि दस्त नोंदणाऱ्या कचेरीचे काय? तेथे मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. विकली जाणारी वस्तू कायद्याने अस्तित्वात आहे काय हे पाहण्याचे काम आमचे नव्हे, असे उत्तर मिळते. सरकारने घराच्या किमतीवर आपला वाटा घ्यावा आणि ते घर बेकायदा निघाले की तो वाटा तिजोरीत ठेवून हात वर करावेत, ह्यास सावकारी म्हणतात. परवान्याची खूण पटल्यावाचून दस्त नोंदला जाऊ नये, एवढी दुरुस्ती राज्यसरकारने करावी. एवढे करता येत नसेल तर निदान घेतलेले शुल्क परत करावे.

जुन्या डोंबिवलीकरांनीही गाफील राहू नये. १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा असूनही कित्येक सोसायट्यांच्या नावे आजवर जमीन झालेली नाही. बांधणाऱ्याने खोल्या दिल्या आणि जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिले नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे; पण वार्षिक सभेत तो विषय पाण्याच्या टाकीच्या खाली आणि चहापानाच्या वर असतो. आता इमारती पन्नाशीला आल्या, पुनर्विकासाचे दूत दारी येऊ लागले, आणि पायाखालची जमीन कोणाची हे विचारावयाची वेळ आली तेव्हा लोक कपाटे धुंडाळीत आहेत. खोट्या परवान्याने नव्या घरांची जी दशा केली ती अपुऱ्या कागदांनी जुन्यांची होऊ शकते. फरक एवढाच की ह्यांच्या हाती अजून वेळ आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर पाच वर्षे कल्याण–डोंबिवली महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. त्या काळात विचारावयाचे कोणास हाच लोकांचा प्रश्न होता. पण ज्या गोष्टीसाठी सभागृहाच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही अशी एक गोष्ट पालिका आयुक्तांनी करावी असे आमचे त्यांस सांगणे आहे. हद्दीत बांधकाम चालू असलेल्या प्रत्येक इमारतीचा परवाना क्रमांक, मंजूर मजले आणि तारीख ह्यांची प्रभागवार यादी मराठीत, साध्या माणसास वाचता येईल अशी, प्रसिद्ध करावी. आणि ज्या इमारतींस परवाना नाही त्यांची वेगळी. बांधकामाच्या जागी पालिकेने स्वतः फलक लावावा, बांधणाऱ्याने रंगविलेला नव्हे. ती यादी दर तिमाहीस नवी व्हावी. संकेतस्थळावर शोधून थकणाऱ्यांसाठी ती आमच्या ह्याच पानावर छापावयास आम्ही तयार आहोत, आणि त्या जागेचा एक पैसाही आम्ही घेणार नाही. यादी केव्हा मिळेल तेवढे पालिकेने कळवावे.